चूळ, कीड आणि दुधाचे दात : बालकांच्या दंतारोग्याच्या सार्वजनिक उपक्रमांतील भाषेचा प्रश्न

स्कॉटलंडमधील कोर्ट ऑफ सेशन या वरिष्ठ दिवाणी न्यायालयात १९८३ साली लॉर्ड जॉन्सी यांनी एका इंग्रजी विशेषणाचा अर्थ निश्चित केला, आणि त्या अर्थनिश्चितीमुळे तेथील मुलांच्या दातांची काळजी पुढे निराळ्या मार्गाने घ्यावी लागली. ते विशेषण म्हणजे 'होलसम'. ग्लासगो व भोवतालच्या प्रदेशास पाणी पुरविणाऱ्या स्ट्रॅथक्लाइड प्रादेशिक परिषदेने दात किडू नयेत म्हणून पाण्यात अल्प प्रमाणात फ्लोराइड मिसळण्याचे ठरविले होते. एका नागरिक स्त्रीने त्यास हरकत घेतली. सुनावणी सुमारे २०० दिवस चालली. फ्लोराइड अपायकारक आहे हे म्हणणे न्यायाधीशांनी स्वीकारले नाही. त्याने दातांची कीड कमी होते हेही त्यांनी मान्य केले. तरीही निकाल परिषदेच्या विरुद्ध गेला. १९८० च्या कायद्याने परिषदेवर 'होलसम' पाणी पुरविण्याचे बंधन घातले होते, आणि त्या शब्दाचा अर्थ दूषित नसलेले व पिण्यास रुचणारे पाणी एवढाच होतो, रोगप्रतिबंधाचे साधन म्हणून वापरलेले पाणी असा होत नाही, असे त्यांनी ठरविले. ही वाढीव सत्ता १९८५ साली ब्रिटिश संसदेने नव्या कायद्याने दिली खरी; परंतु स्कॉटलंडमधील सार्वजनिक पाण्यात आजही फ्लोराइड मिसळले जात नाही.

या शब्दाचे मराठी भाषांतर करू लागल्यास अडचण कोठे आहे ते तत्काळ ध्यानात येते. 'निर्मळ' म्हणावे तर परिषद हरते. 'आरोग्यदायी' म्हणावे तर ती जिंकण्याचा संभव उत्पन्न होतो. इंग्रजी शब्दात या दोन्ही छटा एकत्र नांदत होत्या आणि सारा खटला त्यांच्यामधील फटीत उभा होता. सार्वजनिक आरोग्याचा उपक्रम म्हणजे औषध, पैसा व मनुष्यबळ यांची योजना, अशी आपली सामान्य समजूत असते. तो उपक्रम लोकांपर्यंत पोहोचतो मात्र शब्दांच्याच वाटेने, आणि ती वाट जेथे वळते तेथे तोही वळतो. प्रस्तुत लेखात बालकांच्या दंतारोग्याच्या संदर्भात हा मुद्दा मांडावयाचा असून, असा उपक्रम मराठीत करावयाचा झाल्यास आपल्या भाषेतील कोणते शब्द साहाय्य करतील व कोणते आडवे येतील याचा विचार करावयाचा आहे.

प्रथम रोगाविषयी थोडे. दातांवर जमणाऱ्या चिकट थरात सूक्ष्म जंतू वाढतात. स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स हा त्यांपैकी विशेष प्रसिद्ध. आपण साखर किंवा शिजविलेले पिष्टमय अन्न खाल्ले की हे जंतू त्याचे आम्लात रूपांतर करतात. थराचा सामू सुमारे ५.५ च्या खाली गेला म्हणजे दाताच्या कठीण आवरणातील खनिज विरघळू लागते. पुढे अर्ध्यापाऊण तासात लाळ हे आम्ल सौम्य करते आणि गेलेले खनिज काही अंशी परत बसविते. खाण्यानंतर सामू कसा उतरतो व चढतो हे रॉबर्ट स्टीफन यांनी १९४० च्या दशकात मोजून दाखविले. म्हणजे दात किडणे ही एकदाच घडणारी घटना नव्हे. झीज व भरपाई यांचा तो रोजचा हिशेब आहे. साखर वारंवार खाल्ल्याने झीज वाढते. झोपेत लाळ कमी पाझरते, म्हणून रात्री भरपाई घटते. फ्लोराइडचे कार्य भरपाईच्या बाजूचे आहे. दाताच्या पृष्ठभागाशी ते अल्प प्रमाणात जरी सतत राहिले, तरी खनिज लवकर परत बसते व नव्याने बसलेले खनिज आम्लास अधिक दाद देत नाही. 'पृष्ठभागाशी राहिले पाहिजे' हे शब्द वाचकांनी लक्षात ठेवावेत. पुढील विवेचन त्यांवरच अवलंबून आहे.

फ्लोराइड पाण्यात मिसळण्याचा पहिला मोठा प्रयोग अमेरिकेत मिशिगन राज्यातील ग्रँड रॅपिड्स येथे २५ जानेवारी १९४५ रोजी सुरू झाला. अकरा वर्षांनंतर, उपक्रम सुरू झाल्यावर जन्मलेल्या मुलांत कीड ६० टक्क्यांहून अधिक घटल्याचे आढळले. हा मार्ग स्वस्त व बिनबोभाट आहे, कारण त्यात कोणाला काही सांगावे लागत नाही. भारतात मात्र तो सरसकट उपयोगी नाही. आपल्याकडे अनेक ठिकाणी भूजलात फ्लोराइड आधीच नको इतके आहे. महाराष्ट्रात चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांतील कित्येक गावांना त्याचा उपद्रव आहे. दातांवर तपकिरी डाग पडतात आणि प्रमाण फार वाढल्यास हाडेही जायबंद होतात. पाण्यातील फ्लोराइड काढून टाकण्याची 'नलगोंडा पद्धती' नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने सिद्ध केली, ही गोष्ट आपली गरज पुष्कळ ठिकाणी उलट दिशेची आहे हे दाखविण्यास पुरेशी आहे.

उपचारांवर भिस्त ठेवणारा दुसरा मार्ग न्यूझीलंडने १९२१ साली धरला. टॉमस हंटर यांच्या पुढाकाराने वेलिंग्टन येथे तरुण स्त्रियांना दंतपरिचारिकांचे शिक्षण देण्यात आले आणि त्यांना शाळाशाळांतील दवाखान्यांत नेमण्यात आले. लक्षावधी दात त्यांनी भरले आणि जगातील अनेक देशांनी ती योजना उचलली. शाळेतील मुलांनी मात्र त्या दवाखान्यास 'मर्डर हाउस', म्हणजे खाटिकखाना म्हणावे तसे, नाव ठेवले होते. पायाने चालविण्याच्या यंत्राने दात कोरला जात असता मुलांना जे वाटले ते या नावात आहे. अधिकृत नाव फलकावर राहिले आणि हे नाव पिढ्यान्पिढ्या तोंडी चालत आले.

स्कॉटलंडपुढे पाण्याचा मार्ग बंद होता. २००४ साली तेथील शासनाने फ्लोराइडविषयीचा कायदा बदलणार नाही असे जाहीर केले, आणि २००५ च्या कृतियोजनेतून 'चाइल्डस्माइल' हा उपक्रम पुढे आला. २००६ पासून त्याची चाचणी झाली व २०११ च्या सुमारास तो देशभर एकरूपाने राबविला जाऊ लागला. त्याचा गाभा अत्यंत साधा आहे. बालवाडीतील मुले दररोज एकदा, मोठ्यांच्या देखरेखीखाली, फ्लोराइडयुक्त पेस्टने दात घासतात. प्रत्येक मुलाचा ब्रश निराळा असतो आणि त्यावर त्याची खूण असते. ब्रश एकमेकांस लागणार नाहीत अशा हवेशीर घडवंचीत ते उभे ठेवतात. पेस्टची नळी ब्रशांना लावावयाची नाही. पेस्ट आधी ताटलीवर किंवा कागदावर काढून तेथून ती ब्रशाने उचलावयाची. तिचे प्रमाण तीन वर्षांखालील मुलास नुसते बोट, तीन वर्षांनंतर वाटाण्याएवढे. (जाहिरातींतील चित्रांत ब्रशभर पसरलेली पेस्ट दिसते, ती विकणाऱ्याच्या सोयीची.) याखेरीज घरी वापरावयास ब्रश व पेस्ट मोफत मिळतात, आरोग्यसाहाय्यक घरी भेट देतात, आणि गरीब वस्त्यांतील मुलांच्या दातांवर वर्षातून दोनदा फ्लोराइडचा लेप दिला जातो. ज्या शाळा अधिक वंचित वस्तीत आहेत तेथे घासण्याचा क्रम पहिल्या दोन इयत्तांतही चालतो.

परिणाम काय झाला? शाळेच्या पहिल्या वर्गातील, म्हणजे पाचएक वर्षांच्या मुलांपैकी दातांवर उघड कीड नसलेली मुले २००३ साली ४५ टक्के होती. २०२० साली ती सुमारे ७४ टक्के झाली, आणि २०२२ व २०२४ च्या पाहण्यांतही प्रमाण ७३ टक्क्यांच्या आसपास राहिले. सर्व श्रेय घासण्यासच देणे शास्त्रीय होणार नाही, कारण याच काळात इतरही गोष्टी बदलल्या. परंतु ज्या भागांत बालवाड्यांनी हा क्रम आधी व अधिक प्रमाणात स्वीकारला तेथे सुधारणाही आधी दिसली, हे संशोधकांनी दाखविले आहे. बालवाडीतील घासण्याचा खर्च वर्षास सुमारे १८ लक्ष पौंड होता. काही वर्षांतच उपचारांवरील बचत त्या खर्चाहून अधिक भरली. लहान मुलांना भूल देऊन दात उपटण्याचे प्रसंग तेथे फार असत, हे ध्यानात घेतले म्हणजे या आकड्यांमागे किती वेदना टळली याची कल्पना येते. गरीब व सधन वस्त्यांतील मुलांमधील अंतर घटले आहे. ते नाहीसे झालेले नाही.

या उपक्रमात मुलांना शिकविले जाणारे एक वाक्य इंग्रजीत अवघ्या तीन शब्दांचे आहे. त्याचा आशय असा : थुंकून टाका, पण चूळ भरू नका. कारण उघड आहे. फ्लोराइड दाताच्या पृष्ठभागाशी राहावयाचे असेल तर घासून होताच तोंडभर पाणी घेऊन ते धुऊन काढणे हा औषधाचा अपव्यय होय. हेच वाक्य आपण मराठी घरात उच्चारून पाहावे. ऐकणारी आजी प्रथम हसेल आणि मग विचारील, 'म्हणजे तोंड खरकटेच ठेवायचे?'

हा प्रश्न अडाणीपणाचा नाही. तो भाषेतून आलेला आहे. मराठीत दात घासणे ही बऱ्याच अंशी स्वतंत्र क्रिया नसून 'तोंड धुणे' या क्रियेचे अंग आहे. सकाळी मुलाला 'तोंड धुतलेस का?' असे विचारले म्हणजे त्यात दात घासणे आले, चूळ भरणे आले आणि चेहऱ्यावर पाणी मारणेही आले. या शब्दबंधात दोन गोष्टी गृहीत आहेत. पहिली, ही क्रिया सकाळची आहे. रात्री निजताना कोणी 'तोंड धुतलेस का?' असे सहसा विचारीत नाही, आणि दातांची खरी गरज तर रात्रीची आहे. दुसरी, ती पाण्याने पूर्ण होते. 'चूळ भरणे' हे जेवणानंतरच्या शुद्धीशीही निगडित आहे. उष्टे-खरकटे यांविषयीच्या आपल्या कल्पना इतक्या खोल आहेत की चूळ न भरलेले तोंड हे जणू अपुऱ्या विधीचे तोंड ठरते. 'चूळ भरू नका' ही सूचना आरोग्याच्या एका नियमासाठी आचाराचा दुसरा नियम मोडावयास सांगते, आणि अशा झगड्यात आचार सहसा जिंकतो.

क्रियापदाकडेही पाहिले पाहिजे. दात आपण 'घासतो', जशी भांडी घासतो. राखुंडी, कोळसा, मीठ, दातवण या जुन्या साधनांना हे क्रियापद अगदी योग्य होते, कारण त्यांचे काम मळ खरवडून काढणे हेच होते. घासलेले भांडे विसळावे लागते. त्याच न्यायाने घासलेले तोंडही विसळले जाते. फ्लोराइडयुक्त पेस्टचे कार्य मात्र दुहेरी आहे. थर काढणे हे एक, आणि दातांवर औषध ठेवणे हे दुसरे. दुसऱ्या कार्यास मराठीत नेमके क्रियापद आहे : 'लावणे'. मलम लावतात, तेल लावतात, हळद लावतात. आणि लावलेले मलम लागलीच कोणी धूत नाही. दातांच्या बाबतीतही हे क्रियापद आपल्याकडे अपरिचित नाही. भाजलेल्या तंबाखूची मशेरी आपल्याकडे दातांना 'लावतात'. ती 'घासली' असे क्वचितच म्हणतात, आणि लावल्यावर ती काही वेळ तोंडात ठेवतात. मशेरीचे दुष्परिणाम सर्वश्रुत आहेत व दंतमंजनांत तंबाखू वापरण्यास भारत सरकारने १९९२ साली बंदी घातली. वस्तू वाईट असली तरी तिच्यासाठी भाषेने सिद्ध केलेला प्रयोग निरुपयोगी ठरत नाही. 'दात घासा, चूळ भरू नका' यापेक्षा 'रात्री निजताना दातांना पेस्ट लावा आणि फेस थुंकून टाका' हे वाक्य अधिक काम करील, असे मला वाटते. त्यात निषेध नाही, म्हणून झगडाही नाही. चूळ हा शब्दच न आल्याने चूळ भरण्याची आठवण होत नाही.

'दुधाचे दात' हा शब्द गोड आहे आणि तितकाच घातक आहे. जे दुधाचे ते तात्पुरते, पडणारच आहेत, असा त्याचा ध्वनी आहे. वस्तुतः या वीस दातांपैकी मागल्या दाढा दहाव्या-बाराव्या वर्षापर्यंत तोंडात असतात. त्या किडल्या तर मूल चावू शकत नाही, रात्री झोपत नाही; त्या अकाली काढाव्या लागल्या तर शेजारचे दात सरकून कायमच्या दातांची जागा अडवितात. याहून सूक्ष्म घोटाळा सहाव्या वर्षी होतो. त्या सुमारास दुधाच्या दाढांच्या मागे एक नवी दाढ उगवते. ती कोणताही दात पडल्यावाचून येते, त्यामुळे आईबाप तिलाही दुधाचीच समजतात आणि कीड दिसली तरी स्वस्थ बसतात. ती दाढ कायमची असते. मराठीने शेवटच्या, बहुधा निरुपयोगी दाढेस 'अक्कलदाढ' असे खास नाव दिले. आयुष्यभर चावण्याचा भार वाहणाऱ्या या दाढेस आपल्याकडे तसे रूढ नाव नाही. ज्यास नाव नाही त्याची चौकशी होत नाही. 'सहाव्या वर्षाची दाढ' किंवा, शाळाप्रवेशाच्या वयाशी जोडून, 'शाळेची दाढ' असे काही नाव बालवाडीच्या बाईंनी मुलांच्या तोंडी बसविले तर ते मोठे काम होईल.

'कीड' या शब्दाचा इतिहास जुना आहे. दातात किडा असतो ही कल्पना बाबिलोनी लेखांत सापडते. सुश्रुतसंहितेत दंतरोगांमध्ये 'कृमिदंतक' सांगितला आहे. युरोपात पिअर फोशार यांनी १७२८ साली किड्याची कल्पना नाकारली आणि विलोबी मिलर यांनी १८९० साली जंतू व आम्ल यांचा संबंध मांडला. आपल्याकडे रिंगणीच्या बियांची धुरी देऊन दातातील किडे 'काढून' दाखविणारे वैदू पुष्कळांनी ऐकून तरी ठाऊक असतील. शब्दाचा दोष असा की धान्याला लागते तशी कीड बाहेरून येते, लागली तर लागली, असे तो सुचवितो. दर तासाला दिलेल्या गोळ्याबिस्किटांचा त्यात उल्लेखच नाही. तरीही 'कीड' सोडून पत्रकांत 'दंतक्षय' लिहावे या मताचा मी नाही. क्षय म्हणताच लोकांस फुप्फुसांचा रोग आठवतो. 'कीड' सर्वांना कळतो, आणि जंतूंमुळे तो अर्धा खराही आहे. उरलेला अर्धा एका वाक्याने भरता येतो : साखर हे किडीचे खाद्य आहे. येथे एक गंमत नोंदविण्याजोगी आहे. सुश्रुताच्याच यादीत 'दंतशर्करा' नावाचा रोग आहे. तेथे शर्करा म्हणजे खडे, दातांवर जमलेले कीटण. तोच शब्द पुढे खडीसाखरेस लागला, फारसी-अरबीमार्गे युरोपात गेला आणि इंग्रजी 'शुगर' झाला.

शासकीय मराठीत रूढ झालेल्या 'मौखिक आरोग्य' या प्रयोगाविषयी येथेच सांगितले पाहिजे. मौखिक परंपरा, मौखिक परीक्षा या प्रयोगांमुळे 'मौखिक' म्हणजे बोलण्यातले, लेखी नसलेले, असा अर्थ मराठीत स्थिर झालेला आहे. 'मौखिक आरोग्य' म्हणजे केवळ बोलण्यापुरते आरोग्य, असा अर्थ कोणी घेतला तर दोष वाचकाचा म्हणता येणार नाही. 'दातांचे आरोग्य' किंवा फार तर 'मुखारोग्य' म्हटल्याने काम भागते.

आता व्यवस्थेविषयी. २००२-०३ च्या राष्ट्रीय पाहणीत भारतातील पाच वर्षांच्या मुलांपैकी सुमारे ५२ टक्के मुलांचे दात किडलेले आढळले होते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातच, पालघर येथे झाला. त्यातील फिरती पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा व शाळेत एकदा मुलांची तपासणी करतात आणि तपासावयाच्या विकारांत दातांची कीडही आहे. २०१४-१५ पासून दंतारोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रमही आहे. तपासणी आवश्यकच आहे. परंतु ती झालेली कीड शोधते, आणि वरील हिशेब तर रोजचा आहे. रोज मुले जेथे एकत्र येतात ते स्थान १९७५ पासून आपल्याकडे आहे : अंगणवाडी. श्रीमंत देशाचे आपणांस काय, असे म्हणणाऱ्यांनी फिलिपिन्सकडे पाहावे. तेथे सरकारी शाळांतून साबणाने हात धुणे व फ्लोराइडयुक्त पेस्टने दात घासणे ही सामुदायिक नित्यक्रिया म्हणून शिक्षण खात्यानेच चालविली. पाण्याची अडचणही समजतो तितकी नाही. चूळ भरावयाची नसेल तर नळ व मोरी यांची गरज उरत नाही. स्कॉटलंडच्या बालवाड्यांतही मुलांनी जागेवर बसून घासावे व फेस कागदात टाकावा ही रीत मान्य आहे. मराठवाड्यातील उन्हाळ्यात, जेथे अंगणवाडीत पिण्याचेच पाणी आणावे लागते, तेथे ही गोष्ट क्षुल्लक नव्हे. मात्र जेथे पाण्यात फ्लोराइड अधिक आहे त्या गावांत पेस्ट कोणती व किती, हे स्थानिक वैद्यकीय अधिकाऱ्याने ठरविले पाहिजे.

अंगणवाडीच्या भिंतीवर लिहावयाचा मजकूर चार वाक्यांचा असावा, असे मी सुचवितो. रात्री निजताना आणि सकाळी दातांना पेस्ट लावा. पेस्ट वाटाण्याएवढी, धाकट्याला तांदळाच्या दाण्याएवढी. फेस थुंका आणि तसेच राहू द्या. सहाव्या वर्षी मागे येते ती दाढ पुन्हा येणार नाही. छापण्यापूर्वी ही वाक्ये वऱ्हाड, खानदेश व कोकण येथील आयांना वाचून दाखवून त्यांच्याच तोंडून परत म्हणवून घ्यावीत. 'लावा' या शब्दाच्या जागी त्या कोणता शब्द घालतात, आणि तिसऱ्या वाक्यानंतर किती जणी आपण होऊन 'मग चूळ' असे म्हणतात, ते टिपून ठेवावे आणि मजकूर त्यानुसार बदलावा.